गोडाला तोंड फिरवणारी

डिसेंबरातली सकाळ. मोशीच्या पुलावर धुकं असं बसलं होतं की खाली इंद्रायणी आहे हे नुसत्या गारठ्यावरून कळावं. पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे तेवढे दिसत होते. आम्रपाली ओव्हाळनं स्कार्फ नाकावर ओढला, स्कूटरचा वेग कमी केला आणि पायाशी ठेवलेली निळी पिशवी टाचेनं आत सरकवली. पिशवीत टॉर्च, गुडघ्यांना बांधायचे पट्टे, खरवडायचा बोथट चाकू आणि विषाचं जेल भरलेल्या चार जाड पिचकाऱ्या. कासारवाडीहून चाकणला ती पंधरा वर्षं याच वाटेनं जात होती आणि थंडीचे दिवस तिला मनापासून आवडायचे. थंडीत माणूस शेकोटी शोधतो आणि झुरळ मोटर. एरवी साऱ्या कॅन्टीनभर पांगलेली ही जमात डिसेंबरात चपातीच्या मशीनमागं, फ्रीजच्या कॉम्प्रेसरपाशी एकगठ्ठा सापडते.

चाकणच्या पट्ट्यात तिला झुरळबाई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा ताठाच होता. सुरुवातीला ती एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताटं विसळायला होती. तिथं औषध मारायला येणारे पुरुष फवारा मारून धूर करून जायचे आणि आठ दिवसांत झुरळं पुन्हा भातात. एकदा तिनं त्यांना विचारलं, "अहो, ती राहतात कुठं ते तरी बघा की!" ते हसले. सयाजीशेठ हसला नाही. मोशीच्या जुन्या घरातला हा माणूस. जमीन बिल्डरला गेल्यावर त्यानं पेस्ट कंट्रोलची एजन्सी काढली होती. त्यानं तिला विचारलं, "तुला ठावं हाय का कुठं ऱ्हात्यात?" तिनं मशीनचा पत्रा उचकटून दाखवलं. दुसऱ्या महिन्यापासून ती त्याच्याकडं कामाला लागली, आणि पाच वर्षांत अशी वेळ आली की कॅन्टीनवाले फोन करून सांगायचे, "ती बाई पाठवा, दुसरं कुणी नको."

आज मात्र बोलावणं वेगळं होतं. काल दुपारी पहिल्या शिफ्टच्या जेवणात एकाच्या मटकीच्या उसळीत झुरळ निघालं होतं आणि त्या ताटाचा फोटो संध्याकाळपर्यंत साऱ्या कंपनीच्या मोबाइलवर फिरला होता.

कॅन्टीनच्या दारात भैरू उभा होता. हा इथला मुख्य आचारी, लातूरकडचा, बाराशे माणसांचा स्वयंपाक रोज उठवणारा.

"या ताई. तुमची लेकरं वाट बघायलेत."

"माझी कशी? दूध तू पाजतोस."

"तसं बी खरंच हाय. काल एकानं उसळीत पोहणी केली बगा."

आम्रपालीनं पट्टे बांधले, गुडघ्यांवर बसली आणि चपातीच्या मशीनमागं टॉर्च मारला. पंधरा दिवसांपूर्वी तिनं लावलेले जेलचे टिपके जागच्या जागी होते. वाळून मुगाच्या दाण्याएवढे झालेले, पण एकालाही तोंड लागलेलं नाही. आणि त्यांच्याच शेजारून बारकी तांबूस झुरळं, मानेवर दोन काळ्या रेघांची, मजेत ये-जा करत होती. एक मादी तर शेपटाला अंड्यांची डबी घेऊन टिपक्याजवळ आली, मिशा लावल्या आणि पाहुण्यांकडं नावडती भाजी वाढल्यासारखं तोंड बाजूला केलं.

असं तिनं पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती उठते न उठते तोच सयाजीशेठ आला. मागं कंपनीच्या अॅडमिनच्या योगिनी मॅडम. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, त्यावर तोच फोटो.

"ताई, मला कारण नको, रिझल्ट पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी मला वर उत्तर द्यायचंय. नाहीतर एजन्सी बदलावी लागेल."

मॅडम गेल्यावर सयाजीनं तिची पिशवी उचलली. एक पिचकारी काढून बोटावर जेल पिळलं, उजेडात धरलं.

"हे असं पांढुरकं का दिसतंय?"

सयाजीनं पिशवीत हात घातला आणि तळाची प्लास्टिकची डबी काढली. आत पांढरी पावडर.

"आन् हे काय?"

"ग्लुकोज आहे शेठ."

"ग्लुकोज? औषधात?"

"गोडी वाढायला. जेल वाटीत काढते, चिमूट चिमूट घोटते, परत भरते."

"किती वर्षं?"

"सहा."

सयाजीचा आवाज खाली आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हंजी औषध पातळ करायचं, उरलं ते बाहेर इकायचं. आन् मी आपला समद्यांना सांगत फिरतोय, आमची बाई म्हंजी सोनं हाय."

"शेठ, शब्द जपून. माझ्या पिचकारीतलं एक टिपूससुद्धा बाहेर गेलेलं नाही."

"मंग झुरळं मरंनात का?"

चोरीचा आळ तिनं तिथल्या तिथं परतवला असता, पण झुरळाबद्दल कुणी विचारावं आणि आपल्याला सांगता येऊ नये, हे तिला जास्त झोंबलं. भैरू उगाच कढई घासत होता.

"शुक्रवारी मॅडमपुढं तूच सांग," सयाजी म्हणाला. "पटलं तर पटलं. न्हाई पटलं तर पिशवी हितंच ठिवायची आन् घरी जायचं."

"सांगते. पण रिकाम्या हातानं येणार नाही."

तिनं भैरूकडून लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. एकीच्या काठाला आतून खोबरेलाचा जाड हात फिरवला. थंडीनं खोबरेल गोठलेलं, त्यावरून झुरळाचा पाय टिकत नाही. मग मशीनमागची वीस-पंचवीस झुरळं अलगद आत झटकली.

"न्यायलाव काय घरी?" भैरूनं विचारलं.

"पाहुणचार करते."

ग्लुकोजची गोष्ट याच कॅन्टीनमध्ये सुरू झाली होती. सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. तापलेलं लोखंड ठोकायच्या, फोर्जिंगच्या खात्यातल्या कामगारांना उन्हाचं ग्लुकोजपाणी द्यायचे. एकदा पातेलं लवंडलं, आणि दिवे मालवल्यावर त्या ओलीवर झुरळं अशी गोळा झाली की फरशी तांबडी दिसावी. आम्रपालीनं ते पाहून ठेवलं. मुळात जेल गोडच असतं. तिनं ते आणखी गोड केलं. दोन आठवड्यांत कॅन्टीन साफ झालं. तेव्हा मॅडमच्या जागी असलेल्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर बोलावून हात मिळवला होता. ती खुबी तिनं कुणाला सांगितली नाही. आचारी आपला मसाला सांगतो का? मग ती एकेक करत अकरा कॅन्टीनमध्ये पावडर घालत गेली.

दुसरी बरणी तिनं घरी भरली. तळमजल्यावरच्या शालनबाईंच्या स्वयंपाकघरात हीच बारकी जात होती आणि शालनबाईंना आयुष्यात चपलेशिवाय दुसरं औषध माहीत नव्हतं. "ने गं बाई, हवी तेवढी ने," त्या म्हणाल्या, "आणि परत आणून देऊ नको." आम्रपालीनं बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या: एकीवर 'कंपनी', दुसरीवर 'कासारवाडी'. दोन्हींना पाणी दिलं, खायला काही नाही.

गुरुवारी दिवेलागणीला तिनं मोरीतला दिवा बंद केला, टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला, कारण लाल उजेड झुरळाला दिसत नाही, आणि बरण्यांपुढं पाटावर बसली. प्रत्येक बरणीत बाटलीची दोन दोन झाकणं सोडली. एकात ग्लुकोजचं पाणी, दुसऱ्यात पाण्यात कालवलेला शेंगदाण्याचा कूट.

दारात तिचे वडील, आबा, खुर्ची ओढून बसले. कोंडीराम ओव्हाळ, वय अठ्ठ्याहत्तर. पिंपरीच्या अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं पेनिसिलिनच्या टाक्या धुतलेला माणूस. गुडघे गेले, पण जीभ शाबूत होती.

"काय ठरलं मग? लग्नाची पंगत की बारशाची?"

"गप बसा आबा. बघा नुसतं."

कासारवाडीच्या बरणीत दोन्ही झाकणांवर झुंबड उडाली. गोडावर जरा जास्तच. कंपनीच्या बरणीतलीही उपाशी होती, तीही धावली. पण ग्लुकोजच्या झाकणाला पहिल्यानं तोंड लावलं, झटका बसल्यासारखं मागं सरलं आणि पुढच्या पायांनी तोंड पुसत बसलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. कारल्याचा रस पाजलेल्या पोरासारखी तोंडं करून सगळी शेंगदाण्याकडं वळली आणि ते झाकण त्यांनी चाटूनपुसून साफ केलं.

आम्रपालीनं टॉर्च कंपनीच्या बरणीला टेकवला.

"आबा, ही शिकली का हो? गोडात विष असतं म्हणून?"

"त्यांना शिकवाया कोण मास्तर हाय? ज्यानं खाल्लं ते मेलं. मेलेलं काय शिकणार, आन् कुणाला सांगणार?"

"मग?"

आबांनी गुडघा चोळला. "आमच्या खात्यात एक साहेब हुता. मी टाकी धुताना तो बोलत बसायचा. म्हणायचा, कोंडीराम, औषध जंतूला काई शिकवत न्हाय, ते नुसतं निवडतं. कच्चे हैत ते मरत्यात. हजारात एखादा जल्मापास्नंच येगळा असतो, ते काय त्याच्या हुशारीनं न्हवं. तो मागं ऱ्हातो. मग समदं रान मोकळं, फुडं त्याचंच बेणं. म्हणून तर तुला ताप आला की मी गोळ्यांचा पुडा संपवाया लावायचो. अर्ध्यात सोडलं की पक्के तेवढे मागं ऱ्हात्यात."

तिनं बरणीकडं पुन्हा पाहिलं. सहा वर्षांपूर्वी त्या मशीनमागं हजारो असतील. त्यात एखादं असं निपजलं असेल, ज्याच्या जिभेला गोड कडू लागायचं. एरवी ते बिचारं अर्धपोटीच राहिलं असतं. कॅन्टीनमध्ये साखर सांडलेली, पाक सांडलेला, आणि याला काही चालत नाही. पण आम्रपालीनं गोडात मरण घातलं आणि अर्धपोटी राहणाऱ्याचं नशीब उघडलं. गोड खाणारे गेले, त्यांची पिल्लं गेली. मागं राहिलेल्याची डबी तीस-चाळीस अंड्यांची. तीन महिन्यांत एक पिढी धरली तर सहा वर्षांत चोवीस. ओव्हाळांच्या चोवीस पिढ्या मागं जायचं तर पिंपरी-चिंचवडचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नसेल. आणि प्रत्येक पिढीला ती जेलात वरून चिमूटभर गोड टाकत आली, म्हणजे चाळण आणखी बारीक करत आली. नुसत्या कंपनीच्या जेलनं हे झालंच नसतं असं नाही, पण कदाचित दहा वर्षांनी झालं असतं. तिनं घाई करून दिली होती.

"आबा, ही जात मी पैदा केली."

"व्हय."

"बरण्या दाखवल्या की चोरीचा आळ जाईल. झुरळं बदलली एवढंच सांगितलं तर पुरे आहे. ते खोटंही नाही."

"न्हाय, खोटं न्हाय." आबा खुर्चीतून उठायला लागले, तिनं हात दिला. "पर ह्यो पुडाबी अर्ध्यातच सोडणार हैस का?"

तिनं मोरीतला दिवा लावला.

शुक्रवारी तीन वाजता, पहिली शिफ्ट सुटून दुसरी जेवायला यायच्या आधी, भैरूच्या कोठीघरात चौघं जमले. आम्रपालीनं खिडकीला पोतं लावलं, बरण्या तांदळाच्या पिंपावर ठेवल्या, त्यांत कालसारखीच झाकणं सोडली आणि लाल टॉर्च मॅडमच्या हातात दिला.

"मॅडम, मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा. ही कासारवाडीची, आमच्या बिल्डिंगमधली. ही तुमच्या कॅन्टीनची. दोन्ही कालपासून उपाशी आहेत."

मॅडमनी नाकाला रुमाल लावला, मग हळूहळू रुमाल खाली आला. "अरे... ही थुंकल्यासारखं काय करतायत?"

"गोड लागलं तोंडाला."

"लई शाणी झालीत बगा," भैरू म्हणाला. "माणसाला शुगर झाली तरी जिलबी सुटंना, आन् ह्यांनी गोड सोडलं!"

"शहाणी नाही रे. त्यांनी काही सोडलेलं नाही." आम्रपाली मॅडमकडं वळली. "मॅडम, तुमच्या क्वालिटी खात्यात पार्ट तपासायचा गेज असतो ना? पार्ट त्यातून गेला तर पास, अडकला तर भंगारात."

"हो. गो, नो-गो."

"गेज पार्टला काही शिकवतो का? पार्ट मशीनवरून येतो तेव्हाच जसा असतो तसा असतो. कुणी एक केस बारीक, कुणी जाड. गेज नुसता निवडतो. आता समजा पास झालेल्या पार्टलाच पुढं पिल्लं होत असती, आईबापांच्या मापाची. आणि परत गेज, परत पिल्लं. काही वर्षांनी पेटीत काय दिसेल?"

"सगळे एकाच मापाचे," मॅडम म्हणाल्या आणि टॉर्च पुन्हा बरणीवर नेला. "म्हणजे जेल हा गेज होता."

"आता मला पटतंय," सयाजी म्हणाला. त्याच्या आवाजातला दगड जरा विरघळला होता. "औषध खाल्लंच न्हाई तर मरत्याल कशी! ह्यात ताईचा काय दोष?"

इथं थांबता आलं असतं. आम्रपालीनं पिशवीतून ती प्लास्टिकची डबी काढली आणि बरण्यांच्या मधे ठेवली.

"आहे शेठ. जेल गोड असतंच, पण मी त्यात ही पावडर घालून गेज आणखी घट्ट केला. वर्षानुवर्षं, एकच गेज, न बदलता. औषधाच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्यात काही मिसळू नका, आणि आलटून पालटून वापरा. मी म्हटलं, कागद लिहिणाऱ्याला झुरळं काय माहीत. ही जात इथं माझ्या हातानं झाली."

भैरू बरणीत बघत राहिला. मॅडमनी विचारलं, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. मग का सांगताय?"

"आणखी दहा कॅन्टीनमध्ये मी हेच केलंय म्हणून. तिथलं गोड आजच्या आज थांबायला पाहिजे. आणि मी नसताना येणाऱ्यानं परत गोडच आणू नये म्हणून."

सयाजी पिंपाला टेकला. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. बाहेर ताटांच्या ट्रॉलीचा खडखडाट सुरू झाला.

"धा जागी?" तो म्हणाला.

"ही धरून अकरा."

"आन् म्या तुला चोर म्हनलो. त्यापरीस ह्ये लई मोठं निघालं की गं."

"चोर नाही म्हटलं तरी चालेल शेठ. मूर्ख म्हणा."

"मूर्ख बाई बरणी घिऊन येत न्हाई." त्यानं बरणी फिरवून पाहिली. "आता उपाव काय?"

हे विचारल्याबरोबर आम्रपालीचा आवाज तिचा तिला सापडला. ती बोलायला लागली तशी तिघंही नकळत जवळ सरकली. गोड अजिबात नसलेलं, दुसऱ्या आमिषाचं जेल बाजारात आहे, ते आणायचं. शेंगदाण्यावर ही तुटून पडतात हे डोळ्यांनी बघितलंय. पण नुसत्या जेलवर विसंबायचं नाही. मशीन रविवारी पुढं ओढून मागचा सगळा गठ्ठा व्हॅक्यूमनं ओढून काढायचा, कारण व्हॅक्यूमला गोड काय आणि कडू काय. भिंतीच्या फटी बुजवायच्या. भैरूनं पिठाची पोती जमिनीवर ठेवायची नाहीत.

"माझ्यावर कामून आलं?" भैरू म्हणाला.

"कारण तू खायला घालतोस. आणि दर तीन महिन्यांनी जेल बदलायचं. चिकट कागद लावून मोजायचं, किती सापडतात. आकडा वाढला की समजायचं, आतून कुणीतरी वेगळं निपजलंय."

"म्हणजे हे कधी संपणार नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. मी बदलले की त्यांच्यातलं कुणीतरी आधीच बदललेलं असणार. फक्त मी आता त्यांच्या मागून चालणार नाही, बरोबरीनं चालेन."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "महिनाभर देते. वर मी बोलते. आणि ताई, त्या आकड्यांची शीट मला दर सोमवारी."

"रविवारी रात्रीच भरलेली असेल."

मॅडम गेल्या. सयाजीनं पांढऱ्या पावडरीची डबी उचलली, झाकण उघडलं, वास घेतला आणि भैरूच्या हातात दिली. "तुमच्या कामगारांना उन्हाळ्यात पाज." मग निळी पिशवी उचलून आम्रपालीपुढं धरली. "उंद्यापास्नं बाकीच्या धा जागी मीबी संगं येतो. बरण्या घिऊन."

"तुम्ही झुरळं धरणार?"

"धरंल की. न्हानपणी इंद्रायणीत खेकडं धरलेत."

तिनं पिशवी खांद्याला लावली. दुसऱ्या शिफ्टची रांग अजून दहा मिनिटांवर होती. तेवढ्या वेळात एक काम होण्यासारखं होतं. नवं जेल लावायच्या आधी जुने गोड टिपके काढायला हवेत, एकही मागं न ठेवता. तिनं पट्टे बांधले आणि चपातीच्या मशीनमागं शिरली.

"ताई, च्या टाकतो," भैरू ओरडला. "तुमच्या लेकरांवानी बिनसाखरेचा का?"

"दोन चमचे घाल! मी अजून जुन्या जातीची आहे."

टॉर्च दातात धरून तिनं बोथट चाकू पत्र्याला लावला आणि पहिला वाळका टिपका खरवडून कागदावर पाडला. मग दुसरा.